शेण कोणाचे? : गोबरगॅसच्या प्रचाराचा इतिहास

१

ऊर्जेच्या प्रश्नावर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना अलीकडे एक सल्ला वारंवार दिला जातो. ऊन, वारा, शेण यांपासून मिळणारी ऊर्जा परंपरावादी माणसाच्या गळी उतरवायची असेल तर त्याच्यापुढे हवामान बदलाची भाषा बोलू नका, त्याला प्रिय असलेल्या गोष्टींची भाषा बोला, असा तो सल्ला आहे. मालमत्ता, स्वावलंबन, राष्ट्र, धर्म, पूर्वजांचा वारसा यांच्याशी ऊर्जेचा सांधा जोडून द्या, म्हणजे विरोध मावळतो. या सल्ल्याच्या पुष्ट्यर्थ अमेरिकेची उदाहरणे दिली जातात आणि ती खोटी नाहीत. टेक्सस हे उजव्या मताचे, तेलाच्या पैशावर वाढलेले राज्य. तेथे १९९९ साली गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या सहीने झालेल्या वीज कायद्यात २००९ पर्यंत २००० मेगावॅट नव्या अपारंपरिक विजेचे उद्दिष्ट घातले गेले आणि ते मुदतीच्या बरेच आधी पुरे झाले. आज पवनऊर्जेत ते राज्य अमेरिकेतील सर्व राज्यांच्या पुढे आहे. कापूस पिकविणाऱ्या जमीनमालकाला पवनचक्कीचे भाडे आणि गावच्या शाळेला मालमत्ता कर मिळू लागला, तेव्हा त्याला पर्यावरणाचे व्याख्यान ऐकण्याची गरज उरली नाही. जॉर्जियात २०१३ साली 'टी पार्टी' या कडव्या उजव्या चळवळीतील डेबी डूली यांनी सिएरा क्लब या पर्यावरणवादी संघटनेशी हात मिळविला. माझ्या छपरावर मी वीज करीन, मक्तेदार कंपनीने मला अडवू नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. ज्या आयोगाचे सर्व सदस्य रिपब्लिकन होते त्या आयोगाने त्याच वर्षी तेथील वीज कंपनीला ५२५ मेगावॅट सौरवीज वाढविण्यास भाग पाडले.

युक्ती लागू पडते हे मला मान्य आहे. माझा प्रश्न पुढचा आहे. एखादी गोष्ट एखाद्या वर्गाला त्याच्या भाषेत पटवून दिली, म्हणजे ती फक्त भाषेपुरतीच त्याची होते काय? की ती गोष्टच त्याच्या मापाने बेतली जाते? वरच्या दोन्ही उदाहरणांत पटवायचा माणूस जमिनीचा किंवा छपराचा मालक आहे. ज्याच्याकडे जमीन नाही आणि जो भाड्याच्या खोलीत राहतो, त्याच्याशी या युक्तिवादात कोणी बोललेलेच नाही.

या प्रश्नाच्या उत्तरासाठी आपल्याला अमेरिकेला जाण्याचे कारण नाही. आपल्या देशात परंपरावादी मनाला पटेल अशा भाषेत एक ऊर्जा साठ-सत्तर वर्षे सांगितली गेली आहे. ती म्हणजे गोबरगॅस. तिचा इतिहास आतापर्यंत तंत्रज्ञांनी आणि ग्रामोद्योगवाल्यांनी लिहिला. शेणाची पाटी डोक्यावर वाहणाऱ्यांच्या बाजूने तो लिहिला गेलेला नाही. या लेखात तो प्रयत्न आहे.

२

हा इतिहास गोठ्यात सुरू झालेला नाही, ही पहिली लक्षात घेण्याची गोष्ट. मुंबईत माटुंग्याला बेघर कुष्ठरोग्यांसाठी एक आश्रम होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, १८९७ च्या सुमारास, तेथील मैल्याच्या टाक्यांवर वायू गोळा करण्याची सोय करण्यात आली आणि पुढे त्या वायूवर इंजिनही चालविण्यात आले. भारतातील जैववायूच्या वापराच्या पहिल्या नोंदींपैकी ही एक आहे. म्हणजे ज्या वायूला पुढे गाईचे नाव मिळाले, तो या देशात प्रथम उपयोगात आला तो माणसाच्या विष्ठेपासून आणि तीही समाजाने बाहेर टाकलेल्या महारोग्यांच्या विष्ठेपासून. शास्त्राच्या दृष्टीने यात काही वावगे नाही. हवाबंद टाकीत सूक्ष्म जीव सेंद्रिय पदार्थ कुजवितात, त्यातून मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड निघतो; मिथेन पेटतो. त्या जीवांना गाय, म्हैस, डुक्कर आणि माणूस यांत भेद करता येत नाही. भेद आपल्याला करता येतो.

त्यानंतर १९३९ च्या सुमारास दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी शेणापासून वायू काढण्याचे प्रयोग केले. शेण जाळले तर खत जाते आणि खत केले तर सरपण जाते, या जुन्या पेचातून वाट काढण्याचा त्यांचा हेतू होता. शेण टाकीत कुजविले की वायू चुलीला मिळतो आणि उरलेली मळी शेताला मिळते. हेतू उत्तमच होता. १९५० नंतर जशभाई पटेल यांनी विटांची विहीर आणि तिच्यावर तरंगणारी लोखंडी टाकी असा आराखडा तयार केला. वायू साचला की टाकी वर उचलली जाते, वापरला की खाली बसते. या संयंत्राला नाव दिले गेले 'ग्रामलक्ष्मी'. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने १९६१-६२ पासून हाच आराखडा हाती घेऊन त्याचा देशभर प्रसार केला.

नावाकडे नीट पाहावे. 'ग्राम' म्हणजे गांधीवादी स्वयंपूर्ण खेड्याचे स्वप्न आणि 'लक्ष्मी' म्हणजे घरची कुलवधू. 'गोबर' शब्दातला 'गो' तर सगळ्यांत मोलाचा. खेडे, घर आणि गाय ही तीन स्थाने परंपरावादी हिंदू मनाच्या जिव्हाळ्याची. तिन्ही या एका लोखंडी टाकीभोवती आणून बसविली गेली. माझ्या लहानपणी तालुक्याच्या पंचायत समितीच्या भिंतीवर एक चित्र रंगविलेले असे. गोठ्यात धष्टपुष्ट गाय, बाजूला टाकी आणि निळ्या ज्योतीपुढे डोक्यावर पदर घेतलेली हसरी गृहिणी. म्हशीचे शेण तेवढाच वायू देते; परंतु म्हैस त्या चित्रात नव्हती. शेण टाकीत कालविणारा गडीही नव्हता. संडास जोडता येतो याची तर सूचनाही नव्हती.

१९७३ साली अरब राष्ट्रांनी तेल रोखले, भाव चौपट झाले आणि सरकारला एकदम शेणाची आठवण झाली. तोवर देशात जेमतेम काही हजार संयंत्रे होती. पुढे १९७८ साली उत्तर प्रदेशातील अजितमल येथील संशोधन केंद्रातून लोखंडी टाकीऐवजी विटांचा घुमट असलेले स्वस्त 'जनता' संयंत्र निघाले. १९८१-८२ मध्ये राष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला, १९८२ मध्ये अपारंपरिक ऊर्जेसाठी स्वतंत्र खाते निघाले आणि १९८४ मध्ये आणखी स्वस्त 'दीनबंधू' आराखडा आला. 'ग्रामलक्ष्मी', मग 'जनता', मग 'दीनबंधू'. नावे अशी खाली खाली उतरत गेली. प्रत्यक्ष संयंत्र कोठवर उतरले ते आता पाहू.

३

हिशेब साधा आहे आणि तो प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावा असा आहे. एक किलो ताज्या शेणापासून सुमारे ४० लिटर वायू मिळतो. चार-पाच माणसांच्या स्वयंपाकाला दोन घनमीटर, म्हणजे २००० लिटर वायू लागतो. म्हणून रोज ५० किलो शेण हवे. एक मोठे जनावर दिवसाला दहा किलोच्या आसपास शेण देते, तेही ते गोठ्यात बांधलेले असेल तर. रानात चरायला गेले तर निम्मे रानातच राहते. म्हणजे चार-पाच जनावरे दावणीला हवीत. शेणात तेवढेच पाणी कालवावे लागते, म्हणून रोज ५० लिटर जादा पाणी हवे. टाकीला आणि मळीच्या खड्ड्याला स्वतःच्या मालकीची मोकळी जागा हवी. शिवाय मळी टाकायला शेत हवे, कारण शेताविना निम्मा फायदा वाया जातो.

आता गावात हिंडून पाहा. चार-पाच जनावरे, पाणी, मोकळी जागा आणि शेत ही चारही ज्याच्याकडे आहेत असा माणूस गावाच्या कोणत्या भागात राहतो? २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील वहितीखालच्या क्षेत्रापैकी अनुसूचित जातींच्या हाती नऊ टक्क्यांहून कमी क्षेत्र होते. लोकसंख्येत त्यांचे प्रमाण २०११ च्या जनगणनेत १६.६ टक्के होते. ज्या वस्तीला पिण्याच्या पाण्यासाठी सवर्णांच्या विहिरीवर ताटकळावे लागले, दुरून ओंजळीत पाणी घ्यावे लागले, त्या वस्तीला शेणात कालवायला रोज ५० लिटर पाणी आणा असे सांगणे ही थट्टाच होती. सरकारने अनुसूचित जाती-जमातींना या संयंत्रासाठी थोडे जादा अनुदान ठेवले हे खरे आहे. ते अनुदान टाकीला होते. गोठा, विहीर आणि जमीन त्या अनुदानात येत नव्हती.

येथवर एवढेच म्हणता आले असते की ही योजना आमच्यापर्यंत पोहोचली नाही. सरकारच्या पुष्कळ योजना पोहोचत नाहीत. परंतु गोबरगॅसची गोष्ट येथे संपत नाही. तो आमच्यापर्यंत पोहोचला नाही, पण त्याचा परिणाम पोहोचला.

माझी आई रोज पहाटे शेणाला जात असे. गाईगुरांची वाट, ओढ्याचा काठ, बाजाराच्या दिवशी बैलगाड्या सुटत ती जागा, हे तिचे रान. रानात पडलेले शेण ज्याला सापडेल त्याचे असा गावचा न बोललेला रिवाज होता. त्या शेणाच्या गोवऱ्या होत. काही आमच्या चुलीत जात, उरलेल्या विकून मीठ-मिरची येई. मालकाच्या गोठ्यात शेणकूर काढायला जाणाऱ्या बायांनाही पाटीभर शेण घरी नेता येई. त्यांच्या मजुरीचा तो एक भागच होता. कोणी तो तसा मोजत नसे एवढेच. गावच्या मोठ्या वाड्यात गोबरगॅस आला आणि वर्षभरात हा रिवाज बदलला. गोठ्यातली पाटी बंद झाली. गुराख्याला ताकीद मिळाली की वाटेवरचे शेणही उचलून आणायचे. एके दिवशी आईची भरलेली पाटी वाटेवरच रिती करून घेतली गेली. ती घरी आली तेव्हा शिव्या देत नव्हती. तिने एवढेच विचारले, "रानातलं श्याण कवाधरनं मालकाचं झालं?"

हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे हे मला पुढे कॉलेजात कळले. जी वस्तू मोलाची नव्हती म्हणून गरिबाला फुकट मिळत होती, ती यंत्रामुळे मोलाची झाली आणि मोल येताच तिला मालक मिळाला. १९७० च्या दशकातच काही अभ्यासकांनी हा धोका दाखवून दिला होता. शेणाला किंमत आली की ज्यांच्याकडे गुरे नाहीत त्यांचे सरपण जाईल, असे त्यांनी लिहिले होते. कोणी ते खोडून काढले नाही. ज्यांना पटवायचे होते त्यांच्या यादीत ती माणसे नव्हती, म्हणून कोणी ते मनावर घेतले नाही.

शेणाशी आमचा संबंध केवळ सरपणाचा होता असेही नाही. उत्तर प्रदेशात मळणीच्या बैलांच्या शेणातून निवडलेले धान्य अस्पृश्य मजुरांना मिळे. त्याला 'गोबरहा' म्हणत. आपल्याकडे शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) शेणातले जोंधळे वेचून, धुऊन, दळून भाकरी करणारी आजी आहे. ज्या पदार्थातून एका समाजाने आपली भाकरी वेचली, त्याच पदार्थाची ज्योत दुसऱ्या समाजाच्या स्वयंपाकघरात 'ग्रामलक्ष्मी' म्हणून पेटली. या दोन चित्रांत जे अंतर आहे ते आपल्या समाजव्यवस्थेचे अंतर आहे.

४

वायू निर्माण करणारी दुसरी वस्तू गावात सर्वांकडे सारखीच होती. ती म्हणजे माणसाचा मैला. तिला जमिनीची किंवा गुराढोरांची अट नाही. शिवाय मैल्याची टाकी बांधली की मैला डोक्यावरून वाहण्याचा धंदाच संपतो. मग प्रचारकांनी हा मार्ग पुढे का आणला नाही?

काहींनी आणला आणि त्यांची नोंद घेतलीच पाहिजे. कोकणात अप्पासाहेब पटवर्धन यांनी भंगीकामाचा प्रश्न आयुष्यभर धरून ठेवला. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात ब्राह्मण कैद्याला भंगीकाम करू द्यावे म्हणून त्यांनी उपास केला आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधीजींनीही येरवड्यात उपास आरंभिला. १९४८ मध्ये कणकवलीजवळ त्यांनी गोपुरी आश्रम उभा केला आणि सोनखताचे, संडासांचे प्रयोग केले. देहू येथे डॉ. सुहास मापुसकर १९६० च्या सुमारास सरकारी डॉक्टर म्हणून आले. गावाला संडासांची सवय लावण्यात त्यांची वर्षे गेली आणि १९८० च्या सुमारास मैल्यावर चालणारे 'मलप्रभा' संयंत्र त्यांनी सिद्ध केले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. पाटण्यात बिंदेश्वर पाठक यांच्या सुलभ संस्थेने १९८० च्या दशकात सार्वजनिक संडासांना जोडून असा वायू काढला.

ही सगळी माणसे सवर्ण आहेत आणि त्यांच्या भूमिकेविषयी आपले मतभेद आहेत. भंगीकामाला पवित्र ठरविण्यापेक्षा ते काम सोडून देण्याचा बाबासाहेबांचा मार्ग आपल्याला अधिक बरोबर वाटतो. पण मतभेद ठेवूनही मान्य केले पाहिजे की गाय बाजूला ठेवून वायू काढता येतो, हे यांनी दाखवून दिले. तरीही हे प्रयोग अपवादच राहिले. राष्ट्रीय कार्यक्रमाचा मुख्य प्रवाह शेणाचाच राहिला. कारण उघड आहे. मैल्याच्या वायूवर शिजविलेले अन्न खायला लोक तयार नव्हते. ज्योतीला वास नसतो, वायूत मैला येत नाही, हे सांगूनही पटत नव्हते. विटाळाची कल्पना नळीतून ज्योतीपर्यंत पोहोचत होती.

येथे प्रचारकांसमोर दोन रस्ते होते. एक म्हणजे त्या विटाळाशी झगडणे. तो लांबचा होता. मापुसकरांना त्यासाठी एका गावात अनेक वर्षे घालवावी लागली. दुसरा म्हणजे विटाळाला हात न लावता गाईच्या पावित्र्याचा आधार घेणे. तो जवळचा होता. देशाने जवळचा रस्ता घेतला. त्याचा परिणाम असा की संयंत्रे लाखांनी बांधली गेली आणि हाताने मैला साफ करण्याची प्रथा मात्र चालूच राहिली. तिच्याविरुद्ध कायदा १९९३ साली झाला, तो अपुरा म्हणून पुन्हा २०१३ साली करावा लागला आणि आजही गटारात उतरणाऱ्या आमच्या माणसांचे जीव जातच आहेत. या दोन गोष्टींचा संबंध नाही असे कोणी म्हणू नये. ज्या तंत्राने हा धंदा मोडता आला असता, ते तंत्र धंदा लादणाऱ्यांच्या श्रद्धेला रुचेल अशा रूपातच पसरविले गेले.

५

पटविण्यासाठी वापरलेली भाषा काम झाल्यावर परत करता येत नाही. ती समाजात उरते आणि आपले काम करीत राहते.

भाकड गाय आणि म्हातारा बैल शेतकऱ्याला परवडत नाही, हे गोवधबंदीविरुद्धचे जुने व्यावहारिक उत्तर होते. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने हनीफ कुरेशी खटल्यात गाईच्या वधाला बंदी मान्य केली, परंतु निरुपयोगी झालेल्या बैलांच्या आणि म्हशींच्या बाबतीत सरसकट बंदी नाकारली. २००५ च्या ऑक्टोबरात गुजरातच्या कायद्यावरील मिर्झापूर मोती कुरेशी खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठाने सहा विरुद्ध एक मताने हा निर्णय फिरविला. फिरविताना आधार कशाचा घेतला? शेणाचा. जनावर म्हातारे झाले तरी शेण देते, शेणापासून खत आणि वायू मिळतो, म्हणून ते कधीच निरुपयोगी होत नाही, असा युक्तिवाद न्यायालयाने स्वीकारला. शेणाचे मोल कोहिनूर हिऱ्याहून मोठे असल्याचे त्या निकालात म्हटले आहे. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईचा वध बंद होताच. १९९५ साली विधिमंडळाने केलेल्या दुरुस्तीला २०१५ च्या मार्चमध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि बैल व वळूही त्यात आले.

गोबरगॅस काढणाऱ्या तंत्रज्ञांचा हा हेतू होता, असे मी म्हणत नाही. अपारंपरिक ऊर्जेचा युक्तिवाद एकदा गाईच्या खुंट्याला बांधला की तो खुंटा ज्याच्या अंगणात, त्याचा तो युक्तिवाद होतो, एवढेच माझे म्हणणे आहे. शेण कोहिनूर झाले. ते उचलणाऱ्या बाईची मजुरी कोहिनूर झाली नाही. कातडे कमावणारा ढोर, चांभार, खाटीक, कुरेशी यांचा धंदा बसला. स्वस्त मांसावर जगणाऱ्या वस्त्यांच्या ताटातली वाटी गेली. आणि ११ जुलै २०१६ रोजी गुजरातमधील उन्याजवळ मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना उघड्यावर बांधून मारण्यात आले. मेलेली गुरे ओढणे हे काम ज्यांच्यावर हजार वर्षे लादले, त्यांनाच ते करताना मारले. त्यानंतर गुजरातमधील आमच्या बांधवांनी मेलेली गुरे सरकारी कचेरीसमोर टाकली आणि तुमची माता तुम्हीच उचला असे बजावले. १९२७ च्या महाडच्या परिषदेत मेलेली गुरे ओढू नका, मृत मांस खाऊ नका असे आवाहन करण्यात आले होते. उन्याने त्याचा उच्चार नव्वद वर्षांनी पुन्हा केला.

६

मग ऊर्जेची दुसरी भाषा आहे काय? आहे आणि ती आपल्याच घरची आहे.

डॉ. आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्या खात्याकडे होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी विजेविषयीच्या धोरण समितीपुढे त्यांनी केलेले भाषण प्रत्येक विद्यार्थ्याने मुळातून वाचावे. भारताला वीज कशासाठी हवी, असा प्रश्न त्यांनी विचारला. वीज मुबलक आणि स्वस्त असल्याखेरीज उद्योगीकरण होणार नाही आणि उद्योगीकरणाखेरीज जमिनीवर दाटलेल्या माणसांची दारिद्र्यातून सुटका नाही, अशी त्यांची मांडणी होती. वीजनिर्मिती खाजगी मालकाच्या नफ्यावर सोडावी की सरकारने करावी, हा प्रश्नही त्यांनी तेथेच उभा केला. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले आणि दामोदर खोऱ्याच्या जलविद्युत योजनेची पायाभरणी त्यांच्या कारकिर्दीत झाली. पाण्यापासूनची वीज ही अपारंपरिक म्हणून आपण आज जिचा गौरव करतो त्याच कुळातली ऊर्जा आहे.

बाबासाहेबांच्या मांडणीत खेडे हे आदर्श नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी खेड्याविषयी काय म्हटले ते सर्वांना ठाऊक आहे. त्यांची वीज माणसाला खेड्याच्या खुंट्यावरून सोडविण्यासाठी आहे. गोबरगॅसची ज्योत खेड्याला जसेच्या तसे उजळण्यासाठी होती. एकाच काळातल्या या दोन दृष्टी आहेत आणि त्यांतला फरक तंत्राचा नाही.

बाबासाहेबांच्या दृष्टीचीही देशाने पुढे जी अंमलबजावणी केली ती निर्दोष नव्हती. धरणांसाठी आदिवासी, दलित आणि गरीब शेतकरी उठविले गेले. कोयनेच्या विजेवर मुंबई-पुण्याचे कारखाने चालले आणि कोयनेचे धरणग्रस्त पिढ्यान्‌पिढ्या जमिनीसाठी खेटे घालीत राहिले. तेव्हा मोठ्या विजेचे नाव घेतले की न्याय आपोआप होतो, असा भ्रम आपण बाळगू नये. वीज कोणासाठी आणि मालकी कोणाची, हा बाबासाहेबांचा प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने विचारावा लागतो.

तो प्रश्न विचारला तर शेणाचाही हिशेब बदलतो, याचे एक उदाहरण कर्नाटकात आहे. तुमकूर जिल्ह्यातील पुरा या खेड्यात बंगलोरच्या विज्ञान संस्थेतील प्रा. ए. के. एन. रेड्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सामुदायिक संयंत्र उभारले. प्रथम सर्वांना स्वयंपाकाचा वायू द्यावा असा बेत होता. गावचे सगळे शेण त्याला पुरेना. तेव्हा १९८७ पासून त्या वायूवर इंजिन चालवून गावाला नळाचे पाणी आणि दिवे देण्यात आले. जे शेण आणून देत त्यांना पोचविण्याबद्दल पैसे मिळत आणि मळी त्यांच्या वाट्याप्रमाणे परत मिळे. पाणी आणि दिवा मात्र सर्व घरांना. पुढे ते संयंत्र बंद पडले. आदर्श म्हणून मी ते सांगत नाही. शेण वाहणाऱ्या हाताला किंमत धरणारा आराखडा करता येतो, एवढे त्यातून सिद्ध होते. माझ्या आईला तो हिशेब एका वाक्यात समजला असता.

७

आज देशात बांधलेल्या घरगुती संयंत्रांची एकूण संख्या सुमारे ५० लाख सांगितली जाते. त्यांतल्या अनेक घरांत बाईचे डोळे धुरापासून वाचले. ती बाई सवर्ण असली तरी तिचा धूर खोटा नव्हता आणि त्याबद्दल मला आकस नाही. पण त्या ५० लाखांच्या पलीकडे काय झाले, ते कोणी मोजले नाही. आमच्या वस्त्यांतल्या बहुतेक चुलींचा धूर कमी झाला तो बाटलीच्या गॅसने, आणि बाटली भरायला पैसे नसले की चूल पुन्हा पेटते.

२०१८ च्या अर्थसंकल्पात 'गोबरधन' योजना जाहीर झाली. नावात पुन्हा गाय आहे आणि गोवर्धनाचा नादही. आता मोठे कारखाने शेण विकत घेऊन त्याचा वायू करतील असे सांगितले जाते. छपरावरच्या सौरविजेसाठी २०२४ साली केंद्राने जाहीर केलेल्या योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. ते घेण्यासाठी स्वतःचे पक्के छप्पर आणि स्वतःच्या नावाची वीजजोडणी हवी. महाराष्ट्रात सौर कृषिपंपाला अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने फक्त पाच टक्के रक्कम भरायची आहे, इतरांनी दहा टक्के. ही सवलत चांगली आहे. तिला शेत आणि विहीर लागते. पुन्हा गोठा, पुन्हा छप्पर, पुन्हा शेत. ज्याला पटवायचे तो मालक आहे, म्हणून योजनाही मालकाची होते.

परंपरावादी माणसाशी त्याच्या भाषेत बोलूच नये, असे मी म्हणत नाही. चळवळीला सर्वांशी बोलावे लागते. बाबासाहेब गोलमेज परिषदेत एका भाषेत बोलले आणि महाडच्या तळ्यावर दुसऱ्या. पण दोन्हीकडे त्यांनी मागितलेला हक्क एकच होता. श्रोता बदलला म्हणून मागणी बदलली नाही. आमची कसोटी हीच असावी. ऊर्जेची कोणतीही योजना पटवून देण्यासाठी कोणी आपल्याकडे आला तर त्याला तीन प्रश्न विचारावेत. ज्याच्याकडे जमीन, जनावर आणि छप्पर नाही त्याला यात काय मिळते? आज जे त्याला फुकट मिळते ते यामुळे जाणार आहे काय? आणि जे काम त्याच्यावर जन्माने लादले आहे ते यातून सुटते की अधिक घट्ट होते? या तिन्हींची उत्तरे मिळाल्यावर मग भाषा कोणतीही असो.

शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना माझी एक सूचना आहे. आपापल्या गावात गोबरगॅस प्रथम कोणाच्या वाड्यात आला, त्या आधी त्या गोठ्याचे शेण कोण नेत असे आणि नंतर त्या घराची चूल कशावर पेटली, एवढे तीन प्रश्न वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांना विचारा आणि लिहून ठेवा. सरकारच्या अहवालात टाक्यांची संख्या आहे. पाट्यांची संख्या आपल्यालाच मोजावी लागेल. त्या वाहणाऱ्या बाया आता थोड्याच उरल्या आहेत.